खिडकीकडे तोंड केलेली खुर्ची

डॉ. सुमन पाईकराव यांचं नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, हॅनोव्हरमधल्या रुग्णालयात हृदयविकारानं निधन झालं. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या. मेंदूच्या पेशींवर संशोधन करणाऱ्या तिथल्या एका प्रयोगशाळेत त्यांचं आयुष्य गेलं. पुण्यात बातमी दुपारी आली. फोन अनिता वळवीचा होता. "सुमनमावशी गेल्या," ती म्हणाली. "झाडाची पानं सगळी गळलीत. मी त्यांच्या स्वयंपाकघरातच आहे." कोणतं झाड, हे विचारावं लागलं नाही.

हॅनोव्हरला एप्रिलात यंत्रांचं मोठं प्रदर्शन भरतं. हॉटेलांत जागा उरत नाही आणि घरोघरचे लोक एखादी खोली पाहुण्यांना देतात. पुण्याच्या दैनिकासाठी बातम्या द्यायला जाताना मी सुमनताईंची खोली घेत असे. २००४ मध्ये ती मिळाली नाही. "अहो पत्रकार, यंदा सोफ्यावर झोपा," त्यांनी दारातच सांगितलं. "खोलीत आमची उमेदवार आहे." उमेदवार म्हणजे अनिता. घर धडगावच्या डोंगरात, शहाद्याच्या कॉलेजात बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष, कॉलेजचं तोंड पाहिलेली घरातली पहिली. सुमनताई स्वतः परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठच्या. त्यांच्याही वस्तीतून त्यांच्याआधी कुणी कॉलेजात गेलं नव्हतं. अशा एका मुलाला किंवा मुलीला त्या दर वसंतात बोलावून घेत, घरी ठेवत आणि मेंदूविज्ञानाच्या पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीला बसवत. मुलाखतीत सूक्ष्मदर्शकाखाली एक नमुना ठेवलेला असे. जे दिसेल ते काढायचं आणि सांगायचं. आदल्या वर्षी हिंगोलीचा एक हुशार मुलगा तिथूनच परत गेला होता. समितीचा शेरा एका ओळीचा होता: विद्यार्थी पाहत नाही. "पाहत नाही म्हणजे काय, आंधळा होता का तो?" सुमनताई चहा गाळता गाळता पुन्हा पुन्हा विचारत. अनितालाही तसंच परत जावं लागलं, तर पुढच्या वर्षी तिला कुणी पाठवणार नव्हतं.

त्या शेऱ्याचा अर्थ एका रविवारी दुपारी लागला. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी घरचा जुना सूक्ष्मदर्शक मांडला होता. आत लहान मेंदूतली एक पेशी होती. ती पंख्यासारखी पसरते, फांदीला फांदी फुटत जाते. अनितानं डोळा लावला, उचलला, आणि कागदावर काढलं ते वेगळंच: मध्ये चांदणीसारखा गोळा, खाली सरळ शेपूट, उजवीकडे पट्टीनं आखलेल्या रेघा आणि त्यांच्यापुढे एकाखाली एक नावं. सगळं सुबक.

"हे कुठं दिसलं गं तुला?"

"दिसलं ना, मावशी."

"आत?"

"जर्नलमध्ये."

मग तिनं सांगितलं. कॉलेजात चालू सूक्ष्मदर्शक एकच. रांगेनं यायचं, डोळा लावायचा, पुढं सरकायचं. चित्र मात्र वरच्या वर्गातल्या मुलींच्या जर्नलवरून उतरवायचं. एकदा तिनं कांद्याची पेशी दिसली तशी काढली होती, हवेच्या बुडबुड्यासकट. सरांनी त्यावर लाल शाईनं 'रिपीट' लिहिलं. त्यानंतर तिला नेहमी पूर्ण गुण पडले.

सुमनताई हसल्या नाहीत. "मीपण इथं आले तेव्हा पुस्तकातलाच मेंदू काढायची," त्या म्हणाल्या. "कुणी बोललं नाही. सभ्य माणसं! त्या सभ्यतेत माझी दोन वर्षं गेली." त्यांनी टेबलाची एक लाकडी खुर्ची ओढली आणि खिडकीकडे तोंड करून ठेवली. बाहेर अंगणात लिंडेनचं झाड होतं, हिवाळ्यातून निघालेलं, एकही पान नसलेलं. "बस. ते काढ. नावं नकोत, पट्टी नको."

"आमच्या धडगावात काय झाडं नव्हती, मावशी? मी मेंदू शिकायला आले ना इथं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर. तिकडं झाडावर चढलीस. इथं बघ."

नंतरचे दिवस एका लांबलेल्या सकाळसारखे आठवतात... काचेवर वाफ धरलेली, पेन्सिलीची बारीक खसखस, आणि धुक्यात काळ्या फांद्या हळूहळू वर येत असलेल्या, जणू कुणी त्या आत्ताच आठवून काढतंय. बराच वेळ पाहिलं की झाड अंगणात आहे, काचेत आहे की मिटल्या पापणीआड, हे सांगता येत नसे. सुमनताई मागून जात, चित्राकडे बघत आणि फक्त विचारत, "ती मोडकी फांदी कुठाय?" एका सकाळी अनितानं खोडरबर उचललं. "मावशी, पालवी फुटलीय. कालचं चित्र चुकलं."

"चुकलं कसं? ते कालचं आहे. आजचं काढ."

मुलाखत त्याच आठवड्यात झाली. संध्याकाळी अनितानं बूट काढण्याआधीच सांगून टाकलं. नमुन्यात एक चीर होती आणि कडेला हवेचा बुडबुडा. तिनं दोन्ही काढले. समितीतल्या एका प्राध्यापकांनी विचारलं, हा तर नमुना कापताना झालेला दोष, तो कशाला काढला? "मी म्हटलं, तो तिथं आहे." सुमनताई कढईसमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. "बुडबुडा केवढा होता?" त्यांनी विचारलं. अनितानं बोटांनी दाखवला. तेव्हा त्या वळल्या आणि त्यांनी बघितलं. मे महिन्यात प्रवेशाचं पत्र आलं.

पुढची पाच वर्षं दर एप्रिलात मला सोफाच मिळाला. खोलीत कधी किनवटचा मुलगा असे, कधी अक्कलकुव्याची मुलगी. स्वयंपाकघरातली ती खुर्ची पुन्हा टेबलाकडे वळली नाही. जेवायला माणसं वाढली तर सुमनताई उभ्यानं जेवत. यंदाच्या एप्रिलात त्यांची शेवटची भेट झाली. सकाळी सोफ्यावर जाग आली तेव्हा खुर्चीवर त्या स्वतः बसलेल्या होत्या, मांडीवर कागद, हात थांबलेला. "काय काढताय?" "काही नाही हो," त्या म्हणाल्या. "बघायले नुसती..." बाहेर पालवी फुटायची होती.

घराच्या किल्ल्या डिसेंबरअखेर मालकाला परत द्यायच्या आहेत. सामान वाटून झालं आहे. खुर्ची अनितानं नेली. ती हॅनोव्हरमध्येच, स्टेशनमागे राहते आणि तिचा पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण होत आला आहे. वसंतातल्या मुलाखतीसाठी सुमनताईंनी निवडलेली गडचिरोलीची विद्यार्थिनी ठरल्याप्रमाणे या वेळी हिवाळ्यातच आली असून अनिताकडे उतरली आहे. अनिताच्या खिडकीसमोर झाड नाही, बांधकामाची क्रेन आहे. ती मुलगी क्रेन काढते आहे.