पद्मजाबाईंनी माईक सोडला नाही

पुसदमध्ये कार्यक्रम कुठलाही असो, सूत्रसंचालन पद्मजाबाईंचंच. शाळेत त्या मराठी शिकवायच्या, पण गाव त्यांना ओळखायचं ते आवाजावरून. मागच्या गॅदरिंगला मात्र तासाभरातच त्यांची जीभ जड झाली. शब्द नाकातून येऊ लागले, डावी पापणी उतरली, आणि पाहुण्यांचं नाव घेताना तर तोंडातून नुसतं बोबडं निघालं. पोरं फिदीफिदी हसली. विंगेत त्यांच्याच शाळेतली शिक्षिका केतकी उभी होती. ती लखीराम शिपायाला म्हणाली, "मॅडम आज घोट लावून आलेल्या दिसून राह्यल्या."

एवढंच वाक्य, पण लखीरामच्या तोंडून ते वणव्यासारखं पसरलं, बाईंच्या कानापर्यंतही आलं. भाजीबाजारात ओळखीच्या बायका बाईंना पाहून नाकाला पदर लावू लागल्या. पुढच्या कार्यक्रमाचा माईक केतकीच्या हाती गेला. हेही बाईंनी गिळलं असतं. पण एका संध्याकाळी घरी बोलता बोलता त्या अडखळल्या, तेव्हा त्यांचे यजमान चारुदत्त उठून जवळ आले आणि त्यांनी बायकोच्या तोंडाचा वास घेतला.

"काय करून राह्यले तुम्ही?"

"काही नाही. सहज."

त्या 'सहज'नं बाईंच्या पोटात जो निखारा पडला, तो विझला नाही.

सकाळी त्या ठणठणीत असायच्या. दिवस कलला की पापणी मिटायची, घास घशात अडायचा. यवतमाळच्या डॉक्टर अनघा यांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि नसेची तपासणी करायचं ठरवलं. चारुदत्त बाहेरच्या बाकावर बसायला निघाले, तर बाईंनी त्यांना अडवलं. "बाहेर नाही. इथं बसा. पडद्यासमोर."

नाकाजवळ चकत्या चिकटवल्या आणि कानाजवळच्या नसेवर विजेचे झटके सुरू झाले. दर झटक्याला नाकपुडी उडायची, डोळ्यांत पाणी यायचं. पडद्यावर एकेका झटक्याचा एकेक डोंगर उमटत होता. पहिला उंच, त्यानंतरचा ठेंगणा, पुढचे तर नुसती टेकाडं.

"निरोगी माणसात हे सगळे सारखे दिसतात," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची नस निरोप धाडते, पण स्नायूवर तो घेणारी जागा तुमच्याच शरीरानं खराब केली आहे. पहिला निरोप पोचतो, मागचे वाटेत गळतात. मायस्थेनिया म्हणतात याला."

"दारूनं होतं का हो असं?" बाईंनी विचारलं. नजर नवऱ्यावर.

"छे! दारूचा काय संबंध?"

"पुन्हा सांगा. यांना नीट ऐकू नाही आलं."

डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं. चारुदत्तांची मान वर होईना. आजाराची भीती बाईंना नंतर वाटली. आधी वाटला तो आनंद, आणि तो काही चांगल्या जातीचा नव्हता.

गोळी घेतली की थोड्या वेळानं जीभ मोकळी व्हायची, असर उतरला की परत जड. बाईंनी हे नीट हेरून ठेवलं. यंदाचं गॅदरिंग जवळ आलं तशा त्या मुख्याध्यापक सदाशिवरावांकडे गेल्या आणि माईक मागून घेतला. त्या दिवशी त्यांनी दुपारची गोळी मुद्दाम टाळली.

"काहून असं करतेस? श्वास अडकला तर?" चारुदत्त कळवळले.

"अडकला तर अडकला."

स्टेजवर बाई बोलत राहिल्या. हळूहळू आवाज नाकात गेला, पापणी उतरली, सभागृहात कुजबुज सुरू झाली. याचीच तर त्या वाट पाहत होत्या.

"केतकी, वर ये," त्या बोबड्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या तोंडाचा वास घे. आणि सांग सगळ्यांना."

"मॅडम, नको ना..."

"घे!"

केतकी वाकली. माईकवर कसंबसं पुटपुटली, "काही... काहीच वास नाही."

बाईंनी सगळ्यांसमोर गोळी घेतली. अर्धं पाणी नाकातून परत आलं, ते त्यांनी पदरानं पुसलं. मग पोरांचे नाच होईस्तोवर त्या स्टेजच्या कडेला खुर्चीत बसल्या आणि केतकीला तिथंच शेजारी उभं ठेवलं. तिनं निघायला पाऊल उचललं की बाई मनगट धरायच्या. शेवटी जीभ सुटली तशा त्या उठल्या, आणि खणखणीत आवाजात, केतकीच्याच लकबीत, ते विंगेतलं वाक्य म्हणून दाखवलं. कोण म्हणालं, कोणाला म्हणालं, सगळं. पालकांत केतकीचे सासू-सासरे बसले होते. सासूबाई खुर्चीवरून उठून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाईंना श्वास पुरेना. यवतमाळला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. डॉक्टर अनघा चांगल्याच रागावल्या. केतकी संत्री घेऊन भेटायला आली आणि रडली. "चुकलं माझं, मॅडम. माफ करा."

बाईंनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. "नाही करत."

केतकीनं पुढं संस्थेच्या मारेगावच्या शाळेत बदली मागून घेतली. बाई आता फक्त सकाळचे तास घेतात. सूत्रसंचालन कायमचं सुटलं, त्याची खंत त्या बोलून दाखवत नाहीत. चारुदत्त त्यांच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळतात, पाण्याचा पेला घेऊन उभे राहतात. एकदा भीतभीत म्हणाले, "आता तरी पुरे ना?"

"केतकीचं झालं," बाई म्हणाल्या. "तुमचं बाकी आहे."