चव्वेचाळिसावा डबा

मैनाकाकू पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात सोडून बघत होती. थेंब टणक झाला की पाक आला, मग तीळ ओतायचे आणि हात भाजून घेत लाडू वळायचे. आमच्या माळवाडीच्या समाजमंदिराचं स्वैपाकघर म्हणजे मागची पत्र्याची खोली. पुढं हॉलमध्ये हळदीकुंकू चाललेलं. बायकांचा नुसता कलकलाट. मी ट्रे घेऊन चहा न्यायची, रिकामे कप आणायची, आणि दर खेपेला एक लाडू तोंडात टाकायची.

"तनू, बास कर. बायांना कमी पडतील," काकू म्हणायची आणि वर आणखी एक हातावर ठेवायची.

त्या दिवशी तिनं जांभळी साडी नेसली होती. घडी मोडलेली, कोरी. स्वैपाकाला कोण कोरी साडी नेसतं? मी विचारलं, काकू, बघायला येतंय का कोणी. ती हसली आणि पाक ढवळायला लागली. ही गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट.

शेवटी शेवटी ती मोरीवर पाय धूत होती, घासून घासून. तेवढ्यात दवाखान्यातल्या सिस्टर दारात आल्या. मी नेमकी ट्रे घेऊन दारातच अडकलेली. त्यांनी विचारलं, "आत अजून कोणी राहिलंय का?" मी म्हणाले, "नाही, आत कोणी नाही." त्या गेल्या सामान आवरायला. मी कप गोळा करायला गेले.

आता मैनाकाकू कोण ते सांगते. आमची नात्यातली कोणी नाही. भिंतीला भिंत लागून खोली. तिचा नवरा कोंडीराम हडपसरच्या एका कंपनीत कामाला होता. तेरा वर्षांपूर्वी सोलापूर रोडवर टेम्पोनं उडवला. मूलबाळ नाही. त्यावरून सासरच्यांनी तिला आयुष्यभर टोचलं आणि तो गेल्यावर वळूनही बघितलं नाही. ती खराडीला एका मेसमध्ये पोळ्या लाटायची. आयटीतली पोरं जेवतात तिथं. सकाळी तीनशे, संध्याकाळी दोनशे. मी दहावीला दोनदा बसले, दोनदा गणितात उडाले, मग नाद सोडला आणि पार्सलं पोचवायला लागले. तेव्हापासून सकाळी तिला गाडीवर मागं बसवून खराडीला सोडायचं आणि पुढं माझं काम सुरू, असं ठरलेलं. मी शाळा सोडली तेव्हा सगळ्या गल्लीनं मला ज्ञान दिलं. काकू एकटी काही बोलली नाही. तिनं फक्त विचारलं, "जेवलीस का?"

तिची एक सवय मला अजिबात आवडायची नाही. ती कधी मागायची नाही. बसमध्ये बायकांच्या सीटवर पोरगा बसलेला असला तरी उभी राहणार. मेसमध्ये पाचशे पोळ्या लाटून झाल्यावर उरलेली करपलेली पोळी खाणार. मी भांडायचे तिच्या वतीनं. कंडक्टरशी, मेसवाल्याशी, पाण्याच्या टँकरवर. ती मागून माझा टॉप ओढायची, चल म्हणायची.

माझी आई हिरा. आई आशा सेविका आहे. म्हणजे सरकारची, पण सरकारी नोकर नाही. गल्लीत कोणाला दिवस गेले, कोणाचं पोर लसीचं राहिलं, सगळं तिच्या वहीत असतं. तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, कॅन्सर व्हायच्या आधीच कळावं म्हणून. शिरक्यासारखं पाणी लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उठला तर पुढं पाठवतात. बास, एवढंच. पण बायका जातील तर शपथ. कोणी म्हणायचं मला काही होत नाही मग कशाला, कोणी म्हणायचं सासूला काय सांगू. आई वर्षभर चपला झिजवून सहा बायका नेऊ शकली.

मग तिला आयडिया सुचली. हळदीकुंकवाला बोलवायचं, तर कोण नाही म्हणतंय? सासूच पुढं पाठवते. समाजमंदिराच्या बाजूला गणपतीचं सामान ठेवायची खोली आहे, तिथं पडदा लावला, टेबल टाकलं, दवाखान्यातल्या सिस्टरना बोलावलं. कुंकू लावा, आत जाऊन या, वाण घ्या. वाण म्हणजे स्टीलचा डबा. त्रेचाळीस बायका आल्या. शहजादीचाची पण आली, शेजारच्या गल्लीतली. तिनं कुंकू नाही लावलं, पण डबा घेतला आणि तपासून घेतलं. चौघींना डाग निघाला, त्यांना लगेच उपचार दिले, आज ठणठणीत आहेत. आईचं दवाखान्यात कौतुक झालं. एक डबा उरला होता. तो मी घेतला, अजून माझं जेवण त्यातच नेते.

विधवेला हळदीकुंकवाला कोण बोलावतं? काकू मागं लाडू वळत होती. हे मला तेव्हा खटकलंसुद्धा नाही. ती मागंच असायची. बारशाला, डोहाळजेवणाला, सगळीकडं. मागं पातेल्यापाशी.

ऑक्टोबरमध्ये खराडीला सोडल्यावर मी गाडीच्या सीटवर हात फिरवला तर ओलं. बघितलं तर रक्त. ती आत निघालेली, मी गेटातूनच हाक मारली. ती आली आणि मान खाली घालून उभी राहिली, शाळेतल्या पोरीसारखी. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पावसाळ्यापासून मधेमधे अंगावर जात होतं. घरातला टॉवेल दुमडून त्याच्यावर बसायची म्हणे, त्या दिवशी विसरली. मी विचारलं, कोणाला सांगितलंस? ती म्हणाली, कोणाला सांगू.

दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. तिथं तुकडा काढून तपासला. कॅन्सर पिशवीच्या बाहेर पसरला होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, वर्षभर आधी आला असता तर खूप वेगळं असतं. मी घरी आले आणि आईवर तुटून पडले. तुझ्या सरकारच्या कागदावर बायका असं लिहिलंय, नवरा जिवंत असलेल्या बायका असं कुठं लिहिलंय? तिच्या हातचे लाडू चालले, तिची तपासणी नाही चालली? दहा पावलांवर होती ती. आई भाकरी थापत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि परत मिटलं. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही हिला. मी माझी उशी उचलली आणि काकूच्या खोलीत राहायला गेले.

हॉस्पिटलच्या फॉर्मवर नातेवाईक असा रकाना होता. क्लार्कनं विचारलं, बरोबर कोण? काकू म्हणाली, "कोणी न्हाई." मी त्याच्या हातातला पेन घेतला आणि लिहिलं, मुलगी, तनुजा. काकू बघत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, खोटं कशाला लिहिलंस. मी म्हणाले, गप बस.

पंचवीस दिवस मशीनखाली रेडिएशनचा शेक दिला. तिला गाडीवर बसवेना, म्हणून हडपसरच्या गाडीतळावरून बस पकडायचो. माझी कामं बुडाली तेव्हा ती एकटी जायची. मी पाच वाजता आणायला गेले की त्या लांब बाकावर दिसायची, मांडीवर फाईल, शेजारी पिशवी. बाकीच्यांची माणसं शेजारी बसलेली. तिनं शेजारची जागा पिशवी ठेवून माझ्यासाठी धरलेली असायची.

गल्ली पांगली. आजार कसला ते कळल्यावर कुजबुज सुरू झाली, की नवरा जाऊन तेरा वर्षं, मग हिला हे झालं कुठून. नळावर एक बाई माझ्यासमोर हे बोलली. मी तिची बादली लाथेनं उलटी केली. डॉक्टरबाईंनी मला समजावून सांगितलं होतं, एचपीव्ही नावाचा विषाणू असतो, नवऱ्याकडून आलेला वीस वीस वर्षं अंगात गप बसून राहतो. ते मी सगळ्यांना ओरडून सांगितलं. पण ऐकायचंच नाही त्याला काय सांगणार. मेसवाल्यानं पोळ्यांना दुसरी बाई ठेवली. काकूकडं कोणी वाटीभर भाजीसुद्धा पाठवेना. म्हणजे आई पाठवायची. मी ती न उघडता परत नेऊन तिच्या ओट्यावर ठेवायचे. काकू म्हणायची, आईशी असं वागू नये. मी ऐकायचे नाही. दिवसभर त्या खोलीत ती आणि भिंतीवरचा कोंडीरामचा फोटो. मी रात्री आले की ती दिवसभरात न बोललेलं सगळं एकदम बोलायची. दुपारी कावळा कसा ओरडला इथपासून.

या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला सरकारनं त्याच विषाणूची लस सुरू केली. चौदा वर्षांच्या पोरींना, फुकट, एकच टोचा. आई परत वही घेऊन दारोदार. आणि परत तेच. कोणाच्यातरी मोबाईलवर आलं होतं की ही लस घेतली की पोरींना पुढं मूल होत नाही. आयांनी दारं लावून घेतली. शहजादीचाचीची माहेनूर चौदा वर्षांची, तीसुद्धा म्हणाली, "देखेंगे बाद में."

आईनं समाजमंदिरात आयांची मीटिंग लावली. काकूनं मला म्हटलं, मला तिकडं ने. तेव्हा तिला दहा पावलं चालायचं म्हणजे भिंत धरावी लागायची. मला वाटलं मागं स्वैपाकघराकडं वळेल. ती सरळ हॉलमध्ये गेली आणि पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर बसली. बायकांची बडबड थांबली. सिस्टर लसीचं सांगत होत्या, बायका मान हलवत होत्या, कोणाच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. एकीनं शेवटी विचारलंच, मूल नाही झालं तर सरकार देणार का आणून.

काकू खुर्चीला धरून उठली.

"मला मूल झालं न्हाई. तुम्हा सगळ्यांना म्हाईत हाय, तोंडावर बोललाय तुम्ही. मी कंची लस घेतली हुती, सांगा की."

पंखा तेवढा करकरत होता.

"मला झालंय ते तुमच्या पोरींना नको," ती म्हणाली आणि बसली.

शहजादीचाचीनं माहेनूरच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चल गं." त्या आठवड्यात आमच्या भागातल्या अकरा पोरींनी लस घेतली. काकूनं मला त्यांची नावं विचारून घेतली आणि झोपताना एकदा सगळी म्हणून बघितली.

मे महिन्यात ती गेली. दुपारी, झोपेत. मी खराडीला पार्सल देत होते. शेजारी आई होती. मी आले तेव्हा आईनं तिला ती जांभळी साडी नेसवलेली होती. मला राग आला. म्हटलं, आता कशाला नटवतेस. आई निऱ्या नीट करत राहिली.

जून महिन्यात मी काकूची हॉस्पिटलची फाईल द्यायला दवाखान्यात गेले. सिस्टरनी ओळखलं. चहा पाजला. म्हणाल्या, तुझ्या आईला सांग, जिवाला लावून घेऊ नको. मी म्हणाले, तिनं लावूनच घ्यायला पाहिजे. काकूला यादीत घेतलं नाही तिनं.

सिस्टरनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं.

यादीत पहिलं नाव मैनाकाकूचंच होतं. आईनं डबेसुद्धा चव्वेचाळीस आणले होते. काकूच म्हणाली, मी पहिली आत गेले तर बाकीच्या कुंकू पुसल्यासारख्या उठून जातील, त्यांचं होऊ दे, मी शेवटी जाते. आईनं सिस्टरना सांगून ठेवलं होतं, सगळ्या झाल्या की स्वैपाकघरात एक बाई राहिलीय, तिला हाक मारा. सिस्टर हाक मारायलाच दारात आल्या होत्या. आणि संध्याकाळी आईनं झालं का विचारलं तेव्हा काकूनं झालं म्हणून सांगितलं होतं.

ऑक्टोबरमध्ये तपासणीच्या रजिस्टरात काकूचं नावच नाही हे कळल्यावर आई दवाखान्यात जाऊन रागानं भांडली, माझ्या बाईला हाक का नाही मारली. सिस्टरनी तिला सांगितलं, मी विचारलं होतं, तुमची तनुजा म्हणाली आत कोणी नाही.

मी आईवर तुटून पडले ते त्याच दिवशी, संध्याकाळी. ती भाकरी थापत होती तेव्हा तिला हे माहीत होतं.