पेंटरकाकांची न टिकणारी अक्षरं

देवळाली प्रवरात मी फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि वर्षभरात पेंटरकाकांच्या हातचं काम गेलं. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं तेच रंगवायचे. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

शाळेच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी त्यांच्याकडून अख्खी बाराखडी कागदावर काढून घेतली आणि तिचा फॉन्ट बनवला. मथळे तुमच्याच अक्षरांत येतील, असा शब्द दिला.

दाखवायच्या दिवशी काका इस्त्रीचा सदरा घालून शाळेच्या ऑफिसात माझ्याशेजारी बसले. मी लॅपटॉपवर थीमच्या सेटिंगमध्ये त्यांचा फॉन्ट निवडला, सेव्ह केलं. शाळेचं नाव जाड, डौलदार अक्षरांत उमटलं.

"आरं, हे तर माझंच हाय!" काकांनी चष्मा पुसला.

मुख्याध्यापकांना बोलावून पान पुन्हा उघडलं, तर मथळा परत जुन्याच काडीसारख्या अक्षरांत. पुन्हा निवडला, सेव्ह केला. दिसला. थोड्या वेळानं गेला. ब्राउझर बदलला, फॉन्टची फाइल पुन्हा चढवली. दर वेळी तेच. काका एकदा पडद्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. माझी बोटं घामानं निसटू लागली.

मुख्याध्यापक म्हणाले, "फ्लेक्सवाले, काकांवर अजून राग आहे का तुमच्या मशीनचा?"

सगळे हसले. मला ते सोसलं नाही. मी बोलून गेलो, "काका, तुमच्या अक्षरांतच काहीतरी दोष असणार. मशीन धरतच नाही त्यांना."

काका "आसंल," एवढंच म्हणाले, बाराखडीचे कागद गोळा केले आणि गेले.

दुकानातल्या कॉम्प्युटरवर तरी कसं दिसतंय म्हणून तिथे बसलेल्या बायकोला फोन लावला.

"सकाळी तुम्ही उघडून गेलात तेच सेटिंगचं पान आहे समोर," ती म्हणाली. "आणि मी सेव्ह दाबतीये बरं का मधूनमधून. तुम्हीच सांगितलंय ना, लाइटचा भरवसा नाही, काम उघडं दिसलं की सेव्ह करत जा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. ते पान फॉन्ट निवडण्याआधीचं होतं. तिच्या प्रत्येक सेव्हबरोबर जुनं सेटिंग परत बसत होतं आणि माझा बदल पुसला जात होता. सवय मीच लावलेली, पान मीच उघडं ठेवलेलं.

तिला ते बंद करायला सांगितलं. फॉन्ट टिकला. तसाच काकांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून बाराखडी नव्यानं काढत होते. हात थरथरत होता. मी सगळं सांगितलं, चूक माझी होती म्हणालो.

"न्हाई, दोष हुताच," मान वर न करता ते म्हणाले. "'श'चं पोट लई सुटलं हुतं. तू बोललास ते बरं झालं. आता हीच लाव."

पुष्कळ विनवलं. ऐकले नाहीत.

आज वेबसाइटवर ती दुसरी अक्षरं आहेत. लोकांना आवडतात. मला प्रत्येक काना थोडा हललेला दिसतो. पहिली फाइल मी जपून ठेवली आहे. ती लावायची तर काकांना विचारावं लागेल, आणि विचारायचं म्हणजे माझं ते वाक्य पुन्हा त्यांच्यासमोर काढावं लागेल.