हळदीचा हात

साडीवर वरणाचा डाग पडला आणि त्यावर साबण फिरवला की डाग लालभडक होतो, हे घराघरातल्या बायकांना ठाऊक आहे. मला मात्र अजून धडकी भरते. सुना हसतात. "आई, डागाला काय घाबरता!" म्हणतात. मी म्हणते, हसा बायांनो, पण डाग तेवढा तुम्हीच धुवा.

सत्तरच्या दशकात, दुष्काळ सरल्यावर, हसनाबादच्या पुढं एका आडवळणाच्या खेड्यात मला पहिली नेमणूक मिळाली. दोन खोल्यांची शाळा, एक हेडगुरुजी आणि मी. पहिली-दुसरीची पोरं माझ्याकडं. रंगपेटी मागितली तर गुरुजी म्हणाले, "बाई, इथं पोरायला पाट्या न्हाईत अन् तुमचं काय चालू हाय?" मीही हट्टाची. घरून भेंडी आणली, कांदे आडवे कापले, पिंपळाची पानं गोळा केली. एका करवंटीत गेरू कालवला, दुसरीत कपड्यांची नीळ, तिसरीत हळद. भेंडीचा ठसा कागदावर दाबला आणि फूल उमटलं की पोरं किंचाळायची. नीळ आणि हळद मिसळून हिरवा केला त्या दिवशी तर त्यांनी वर्ग डोक्यावर घेतला.

मग मी गुरुजींच्या तंबाखूच्या डबीतला बोटभर चुना घेतला आणि हळदीत कालवला. लाल! पहिल्या रांगेतली एक पोरगी उठून करवंटीत डोकावली. नाकात नुकतंच टोचलेलं, भोकात काडी.

"बाई, हे लाल कुठं लपून बसलं व्हतं?"

"हळदीतच होतं की गं. चुन्यानं हाक मारली, आलं बाहेर."

एवढ्याशा पोरांना दुसरं काय सांगणार? पण काय बोलून गेले मी!

वर्षाच्या शेवटी वर्गाची भिंत त्यांच्या ताब्यात दिली. पांढऱ्या मातीनं पोतारलेली भिंत होती. ज्यानं त्यानं आपला हात रंगात बुडवून तिच्यावर उमटवायचा. सगळ्यांनी गेरू नाहीतर नीळ घेतली. ती नाकात काडीवाली एकटी अडून बसली, "मला लग्नातला रंग पायजे." तिच्या आत्याचं लग्न नुकतंच झालं होतं. लग्नघराच्या दाराशी बायकांनी हळदीचे हात उमटवले होते, ते तिच्या डोळ्यांत भरले होते. म्हटलं घे बाई. उरलीसुरली हळद तिच्या तळव्याला फासली. भिंतीवर इवलासा पिवळा हात उमटला. करंगळी जराशी वाकडी.

पावसाळ्यात गावात गोवर आला. पुष्कळ पोरं अंथरुणाला खिळली आणि उठलीही. ती उठली नाही.

तिची माय शेतातून परतताना शाळेत यायची. त्या पिवळ्या हातावर आपला हात ठेवून उभी राहायची. मुलीचा फोटो कधी काढलेला नव्हता. तिच्यामागं राहिलेलं एवढंच होतं, आणि हळद उन्हात टिकत नाही. खिडकीतून सकाळचं ऊन थेट त्या भिंतीवर पडायचं. संक्रांतीपर्यंत हात पार विटून गेला. तरी माय यायची आणि कोऱ्या भिंतीवर बरोबर त्याच जागी हात ठेवायची.

मग तपासणीला साहेब येणार असं कळलं. रविवारी गुरुजींनी शाळेला चुना मारून घेतला. सोमवारी मी कुलूप काढलं. पांढरीशुभ्र भिंत. गेरूचे हात गेलेले, निळीचे गेलेले. आणि मधोमध एक लाल हात. करंगळी वाकडी.

पोरं किंकाळ्या फोडत पळाली. मला सगळं कळत होतं हो, मीच शिकवलं होतं ते, तरी मीही दोन पावलं मागं सरले.

घटकाभरात अर्धं गाव दारात. कुणी म्हणे लेकरू भिंतीत अडकून बसलं. कुणी म्हणे पोपडा काढून नदीत सोडा, जल्दी मोकळं करा. गुरुजी घामाघूम झाले आणि खुरपं घेऊन आले. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि ओरडले, "खबरदार कुणी हात लावला तर! आधी तिच्या मायला येऊ द्या."

माय आली. भिंतीकडं बघत राहिली. मी माझ्या तळव्यावर हळद घेतली, तिच्यावर ओला चुना चोळला आणि हात मायपुढं धरला. माझ्या हातावर तोच लाल.

"मंग ती न्हाई का हे?"

"ती नाही. पण हात तिचाच आहे. आत राहिला होता."

आम्ही बौद्ध, त्यांचं घर जुन्या वळणाच्या शेतकऱ्यांचं. पाण्याचा तांब्या ती मला कधी हातात देत नसे, खाली ठेवायची. त्या दिवशी तिनं माझा तो लाल हात धरला आणि लोक पांगेपर्यंत सोडला नाही.

चुना सुकला तसा लाल रंग उतरला. माय डब्यात भिजवलेला चुना घेऊन हजर. "बाई, परत बोलवा तिला." मी कुंचला फिरवला, हात आला. पण आधीपेक्षा फिका. पुढच्या खेपेला आणखी फिका. दर खेपेला आतली हळद संपत होती आणि ते आम्हा दोघींनाही दिसत होतं. शेवटी तर नुसती करंगळी उमटली आणि तळव्याची कड.

माझी बदली झाली तेव्हा ती पुन्हा डबा घेऊन आली. मी कुंचला बुडवला.

"अजून किती डाव येईल?"

"एखादा. तोही येईलच असं नाही."

तिनं माझं मनगट धरलं. "मंग ऱ्हाऊ द्या, बाई. बिलकुल लावू नका. आत हाये म्हणून तरी मी घरला जाते."

मी कुंचला झटकून ठेवला. दोघींनी मिळून त्या जागेवर राज्याचा नकाशा टांगला.

माझ्या जागी आलेल्या मास्तरांना मी नकाशा उचलून दाखवला आणि बजावलं, एवढ्या जागेला चुना लावू देऊ नका. त्यांनी जवळ जाऊन भिंत निरखली.

"बाई, इथं तर काहीच न्हाई."

मी म्हटलं, "आहे."