आग्रह करून दिलेला ऑसिलेटर

हसायचं तेवढं हसा, फक्त आमच्या जुईसमोर हा विषय काढू नका. या डिसेंबरात मी जो पराक्रम केलाय ना, त्याला तोड नाही.

जुई माझी लेक. ती दूर बर्नाबी शहरात युनिव्हर्सिटीत, आम्ही नवरा-बायको इथे रेजिनात. दर रविवारी फोन. "जेवलीस का?" "येस." "थंडी आहे का गं?" "नो, इट्स रेनिंग." संपलं. मग मी नुसती फोन धरून बसायची आणि तिकडे ती टाइप करत असायची. फार लागायचं हो मनाला. पोटच्या पोरीशी बोलायला विषय नसावा?

अशात एकदा तिनेच विषय काढला. तिचा मॉड्युलर सिंथेसायझर आमच्या बेसमेंटमध्ये पडून होता. म्हणजे काय, तर एक लाकडी खोका. त्यात मॉड्यूल नावाची छोटी छोटी यंत्रं बसवायची, वायरींनी एकमेकांना जोडायची, की त्यातून सूर निघतात.

"मॉम, मला मॉड्युलेशनवाले थोडे हवेत, बट आय कान्ट डिसाइड."

"मॉड्युलेशन म्हणजे काय गं?"

"ते स्वतः साउंड नाही करत. साउंडला सांगतात, वर जा, खाली ये, आता थरथर, आता गप्प बस."

"म्हणजे तुझी आई," मागून शिरीष म्हणाला. शिरीष म्हणजे माझा नवरा. त्याला कोणी विचारलं होतं?

पण मी ठरवलं. पोरगी ख्रिसमसला घरी येईल तेव्हा खोका भरून तयार ठेवायचा. मग काय, बोलायला विषयच विषय.

गावातच डग नावाचे एक निवृत्त गृहस्थ आपली जुनी मॉड्यूल विकत होते. मी खोका उचलला, सोबत चकल्यांचा डबा घेतला आणि गेले. रिकाम्या हाताने कोणाकडे जातात का?

"ओ नो, आय कुडन्ट," डग म्हणाले. मी डबा पुढे सरकवला. पुन्हा "नो, नो." मी आणखी सरकवला. बघता बघता अर्धा डबा फस्त! तेव्हाच मी ओळखलं, हा माणूस आपल्यातलाच. तोंडाने नाही म्हणतो, पण हवं असतं.

निवड मात्र मी मन लावून केली. एक हळूहळू वर-खाली नेणारं, एक मनाला येईल तशा उड्या मारणारं, एक आवाज फुलवून विझवणारं. इंडियाला जाताना बॅग भरते तशी, एकही फट न ठेवता बसवून घेतली. शेवटचं एक काही केल्या मावेना. खोक्यात आधीपासूनचं एक रुंद, ओबडधोबड, हाताने रंगवलेलं मॉड्यूल होतं. बाकीच्यांच्या पंगतीत अगदीच गबाळं. मी म्हटलं, हे काढा.

"आय थिंक यू नीड दॅट वन."

"नको हो. तुम्हीच ठेवा, एवढी मदत केलीत."

"आर यू शुअर? आय रिअली कान्ट टेक धिस."

झालं. चकलीच्या वेळी अगदी हेच म्हणाले होते की नाही? मी ते त्यांच्या हातात कोंबलं, आता नाही म्हणायचं नाही असा दम दिला आणि दार ओढून निघालेसुद्धा.

जुई आली. खोका पाहून तिने मला मिठीच मारली. वायरी जोडल्या, बटण दाबलं. काय ते दिवे, लाल काय, हिरवे काय, सगळे लुकलुकतायत. आवाजाचं मात्र नाव नको.

"मॉम, माझा ऑसिलेटर कुठाय?"

"तो कुठला?"

"द ओन्ली वन दॅट मेक्स द साउंड. बाकीचे सगळे त्यालाच सांगतात, काय करायचं ते. आय बिल्ट इट मायसेल्फ, मॉम."

हुकूम सोडणारे सगळे ठेवले आणि ऐकणारा एकटा होता, तो बाई मी वाटून टाकला! शिरीष हळूच फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचं बर्फ काढायला बाहेर सटकला. बर्फ पडलेलंही नव्हतं.

डगकडे जायला तशाच गाडीत बसलो दोघी. जुईने सीटबेल्ट लावला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. मला वाटलं, संपलं, आता रविवारचा फोनही गेला.

डगनी दार उघडलं ते हातात माझा चकल्यांचा डबा घेऊनच. घासूनपुसून लख्ख, आणि आत पेपर टॉवेलमध्ये गुंडाळलेला ऑसिलेटर. जुईकडे बघत ते बिचारे ओशाळून म्हणाले, "आय डिडन्ट नो हाऊ टू स्टॉप हर."

"नोबडी डज," जुई म्हणाली, आणि जी हसत सुटली, ती गाडीत बसली तरी थांबेना. मग घर येईपर्यंत तिची टकळी चालू. मी कुठलं चांगलं निवडलं, कुठली दोन विकावी लागतील, का विकावी लागतील. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. मी नुसती हं, हं करत होते. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

ती दोन विकायची जाहिरात तिने स्वयंपाकघरात माझ्या शेजारी बसूनच टाकली. इंग्रजीत होती. कोणतं मॉड्यूल, कसं आहे, आमच्या घरून घेऊन जा, सगळं नीट लिहिलेलं. आणि खाली, ठळक अक्षरांत: "आई आणखी काही देऊ लागली तर ते आमचं आहे असं समजावं."