मुलगा म्हणजे आंडोर

"आबा, बटन दाबा ना."

आबांनी काचेतून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच बहिरी. ते आत साउंडप्रूफ खोलीत, कानांवर हेडफोन, हातात बटन. मी बाहेर मशीनवर. कितीही बारीक आवाज आला तरी बटन दाबायचं, एवढंच त्यांचं काम. दार उघडून मी मोठ्यानं विचारलं, "आवाज आला होता ना?"

"उना व्हता. पन बारीक व्हता. पक्का व्हऊ दे, मंग दाबसू."

खान्देशी माणूस बाजारात भाव पक्का झाल्याशिवाय मान हलवत नाही, बटनाचं काय घेऊन बसलात! पुन्हा समजावलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

धुळ्यात देवपूरला माझं क्लिनिक आहे. मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे कान मोजणारी बाई. आबा दोंडाईच्याकडचे, कापूसवाले. त्यांचा मुलगा प्रकाश देवपूरलाच शिक्षक. तो दुसऱ्या शहरातला एक रिपोर्ट घेऊन आला होता. त्यात लिहिलं होतं की आवाज कळतात, पण शब्द ओळखता येत नाहीत. कानाचं मशीन लावून फारसा फायदा होणार नाही. प्रकाशनं त्याचा स्वतःपुरता अर्थ काढला, की आबांचं डोकं गेलं.

"आता यांना गावाला पाठवत नाही मॅडम. मागून ट्रॅक्टर आला, कोणी ओरडलं, तर समजणारच नाही. आईलाही इकडेच आणतो. शेत देऊ कुणाला तरी करायला."

आबांना यातलं किती ऐकू गेलं माहीत नाही, पण मुलाचं तोंड त्यांनी बरोबर वाचलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, माले घर जानं शे."

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटून ग्राफ बदलत नाही.

ग्राफ म्हणजे ऑडिओग्राम. जाड आवाजापासून पातळ आवाजापर्यंत एकेक सूर वाजवायचा आणि कमीत कमी किती मोठा केला की माणसाला तो ऐकू येतो, ते डेसिबलमध्ये टिपायचं. आधी हेडफोननं. मग कानामागच्या हाडावर एक छोटं थरथरणारं यंत्र बसवून. हाडावरून चांगलं ऐकू आलं आणि हेडफोननं कमी, तर बिघाड पडद्यात किंवा मधल्या कानात. दोन्हीकडून सारखंच कमी, तर आतली नस थकलेली. आबांचं दोन्हीकडून सारखं निघालं. वयाचं, मध्यम, दोन्ही कानांचं. पातळ सूर जास्त गेलेले. अशी माणसं माझ्याकडे रोज येतात आणि मशीन लावून गप्पा मारत घरी जातात.

मग शब्द का कळत नव्हते? आवाज पुरेसा मोठा केला तर अशा कानाला बहुतेक शब्द ओळखता यायला हवेत. त्या रिपोर्टात निम्मेसुद्धा आले नव्हते. ग्राफ आणि शब्दांचं असं जमलं नाही की आम्हाला धास्ती वाटते. पुढं नसेत किंवा मेंदूत काही असू शकतं. म्हणजे एमआरआय, धावपळ, आणि आबांचं गाव तर विसरायचंच.

मी माइक घेतला. आबांनी ओठ वाचू नयेत म्हणून तोंडापुढं कागद धरला.

"घर."

"घर."

"हात."

"हात."

"मुलगा."

"आंडोर."

मी कागद थोडा खाली केला. "सगळे."

"बठ्ठा."

"ज्वारी."

"दादर," आबा म्हणाले, शाळेत पहिला नंबर आल्यासारखे.

माझं आजोळ त्याच बाजूचं. मला हसू आवरेना. आबांना एकूण एक शब्द ऐकू येत होता आणि ते त्याचं अहिराणी करून देत होते! 'घर', 'हात' दोन्हीकडे सारखे, म्हणून तेवढेच बरोबर धरले गेले. ज्यानं आधी तपासलं तो बाहेरचा. त्याच्या कानाला 'आंडोर' म्हणजे म्हाताऱ्याची बडबड. त्याचा तरी काय दोष?

आत जाऊन मी विचारलं, "आबा, मी म्हणते तेच का नाही म्हणत?"

"तू शहरनं बोलस, मी घरनं सांगस. नात बी रोज असंच इचारस. आबा, याले तुम्ही काय म्हनतस?"

प्रकाशनं कपाळाला हात लावला. नातीचा हा खेळ त्याच्याच घरात रोज चालायचा.

"आबा, आता पोपट व्हायचं. जसं ऐकलं तसंच बोलायचं," मी सांगितलं. आबांना ते कमीपणाचं वाटलं, पण झाले पोपट. एखाददुसरा सोडला तर सगळे शब्द बरोबर आले. एमआरआयचा विषय मिटला.

दोन्ही कानांना मशीन लावलं. आबा आधी पंख्याकडे बघत राहिले, हा इतका बोलतो हे त्यांना माहीत नव्हतं. मग स्पीकरवरून हळू आवाजात शब्द दिले. सुरेख आले. प्रकाशचे डोळे भरले होते, तरी त्याचा हेका सुटेना. म्हणाला, "मॅडम, जरा माइक द्या." आणि त्याच हळू आवाजात बोलला, "आबा, मशीन लागलं ते ठीक. पण राहायचं इथंच. गावाला जायचं नाही."

आबा छताकडे बघत बसले.

"आबा, ऐकू आलं का?" मी आणखी हळू विचारलं.

"नही," आबा लगेच म्हणाले.

प्रकाश माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मग आधी तोच हसला. बाहेर पडताना त्यानं आईला फोन लावून सांगितलं, "आबा येताहेत, घर झाडून ठेव."

इतकी वर्षं कान मोजते आहे. जाड आवाज, पातळ आवाज, हाड, नस, सगळं मोजता येतं. कानाडोळा मोजायचं मशीन मात्र अजून आलेलं नाही, आणि आलं तरी मी घेणार नाही.