लँडिंग कोणाचं

बडोद्यात गोरव्याच्या कारखान्यात सोळा वर्षं पंप जोडले आणि चाळिशी ओलांडल्यावर वैमानिक झालो. लोक कौतुक करतात. खरं सांगायचं तर माझा बराचसा वेळ दुसऱ्यांवर जळण्यात जातो.

आमच्या विमान कंपनीत वयाला मान नाही, आधी जो लागला त्याला आहे. त्यामुळे माझा कॅप्टन अठ्ठावीस वर्षांचा आणि मी, पिकल्या केसांचा, त्याचा सहवैमानिक. त्याला चष्मा नाही. त्याचे गुडघे वाजत नाहीत. जे शिकताना मला महिनाभर घाम फुटला, ते त्याने विशीत हसतखेळत उरकलेलं. वर स्वभावाने गोड. नीट हेवासुद्धा करू देत नाही लेकाचा.

त्या दिवशी आम्ही दिल्लीहून बडोद्याला येत होतो. मागे आई-बाबा बसलेले, माझ्या विमानात पहिल्यांदाच. कोणतं लँडिंग कोणी करायचं हे कॅप्टन ठरवतो. निघतानाच तो म्हणाला होता, "बडोदा तमारुं, भाई." वाटेत मनातल्या मनात माझं ते दहादा करून झालं होतं. पण खाली आडवा वारा वाढला. तेवढ्या वाऱ्यात सहवैमानिकाने उतरवायचं नसतं, म्हणून त्याने माफी मागून विमान स्वतःकडे घेतलं. नियमाने बरोबरच होतं. मला मात्र तो वारा त्यानेच मागवलाय असं वाटलं. आणि उतरवलं तेही असं, की चाकं टेकल्याचं कळलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रवासी उतरल्यावर आई-बाबा कॉकपिटच्या दाराशी आले. घरी मी 'पायलट' एवढंच सांगितलं होतं, त्यापुढे काही नाही. "किती अलगद उतरवलंस रे," म्हणत आईने माझ्यावरून हात ओवाळून बोटं मोडली. मग त्या पोराला गुजरातीत धीर दिला, "तुं पण एक दिवस कॅप्टन थईश, बेटा. मारा दीकरा पासेथी शीख."

कॅप्टनने माझ्याकडून शिकावं म्हणे! मी हातातले कागद चाळू लागलो.

"हा मासी, शीखुं ज छुं," तो म्हणाला आणि वाकून तिच्या पाया पडला. मी अजून पडलो नव्हतो. त्याचाही मला हेवा वाटला.

बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर होते. ते मागे उभे राहून सगळं बघत होते. आई खुशीत शिडी उतरू लागली, तेव्हा ते माझ्या खांद्यापाशी वाकले.

"गाडी कोणी थांबवली ते मला कळतं," ते हळूच म्हणाले. "त्या पोराने तुझी लाज राखली. मी अकरा वर्षं असिस्टंट ड्रायव्हर होतो. पण तेवढी वर्षं तुझ्या आईला मी ड्रायव्हर आहे असं कधी भासू दिलं नाही."